हेलिकॉप्टर भाड्याने देणाऱ्या कंपनीपासून सांबऱ्याच्या धावपट्टीपर्यंत : छोट्या विमानकंपन्या कशा उभ्या राहिल्या आणि का बंद पडल्या

सीमावासी, बेळगाव (धागाकर्ता)

आपल्या भागात विमानसेवेचा विषय निघाला की चर्चा लगेच बेळगाव की हुबळी या वादाकडे वळते. तो वाद महत्त्वाचा नाही असे मी म्हणणार नाही, पण या धाग्यात मला दुसरा प्रश्न मांडायचा आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्या छोट्या कंपन्यांची विमाने आपल्या आकाशात आली आणि गेली, ती विमाने त्या कंपन्यांच्या हाती कुठून आली होती, कोणत्या अटींवर आली होती आणि अखेरीस परत का गेली? माझे मत आधीच सांगतो. या कंपन्यांचे आयुष्य प्रवाशांच्या गर्दीपेक्षा विमानाच्या भाडेकरारावर अधिक अवलंबून राहिले आहे, आणि आपण स्थानिक लोक नेमका तोच भाग पाहत नाही.

थोडे मागे जाऊ. १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने देशातील नियमित प्रवासी वाहतूक दोन सरकारी महामंडळांकडे गेली. खाजगी मंडळींना उरली ती अनियमित वाहतूक, म्हणजे वेळापत्रक जाहीर न करता, एखाद्या ग्राहकाने संपूर्ण विमान ठरवल्यावर करायचे उड्डाण. यालाच आपण चार्टर म्हणतो. नव्वदच्या दशकाच्या आरंभी एअर टॅक्सीच्या नावाखाली दार किलकिले झाले, ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, जेट अशा कंपन्या आल्या आणि १९९४ मध्ये तो जुना कायदाच रद्द झाला. या पहिल्या फळीतील बहुतेकांनी विमाने विकत घेतली नव्हती, ती परदेशातून भाड्याने आणली होती. जेटने १९९३ मध्ये भाड्याच्या चार बोइंग ७३७ विमानांवर सुरुवात केली. मोदीलुफ्तची विमाने जर्मनीच्या लुफ्तान्साकडून आली होती. दोघांचे बिनसले आणि १९९६ मध्ये सेवा थांबली. विमाने गेली, कंपनीचा सांगाडा मात्र कागदावर शिल्लक राहिला, आणि त्याच सांगाड्यावर २००५ मध्ये स्पाइसजेट उभी राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण आपल्या शेजारच्या कंपनीच्या बाबतीत हेच वेगळ्या रीतीने घडले.

ती कंपनी म्हणजे बंगळूरची डेक्कन एव्हिएशन. हासन जिल्ह्यातील गोरूर गावचे, सैन्यातून बाहेर पडून शेतीकडे वळलेले कॅप्टन गोपीनाथ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ च्या सुमारास हेलिकॉप्टर भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला. निवडणुकीचे दौरे, सर्वेक्षण, दुर्गम प्रकल्पांवर माणसे नेणे, यात्रेकरू आणि रुग्ण यांची वाहतूक अशी या धंद्याची कामे असतात. त्याचा हिशेब समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. चार्टरमध्ये ग्राहक संपूर्ण यंत्राचे पैसे तासाच्या दराने देतो, ते बहुधा आगाऊ देतो, आणि हेलिकॉप्टर तळावरून त्याच्यापर्यंत रिकामे नेण्याचा व परत आणण्याचा खर्चही त्याच्याच बिलात येतो. आत एक माणूस बसला की पाच, याची चिंता चालकाला नसते. काम नसेल तेव्हा हेलिकॉप्टर उभे राहते, इंधन जळत नाही, विमानतळाचे शुल्कही थोडेच लागते. नियमित सेवेत हे सगळे उलटे होते. जागा भरो वा न भरो, सकाळी ठरलेल्या वेळी विमान उडवावेच लागते.

डेक्कनने हा उंबरठा २००३ च्या ऑगस्टमध्ये ओलांडला. एअर डेक्कन या नावाने एटीआर ४२ जातीची, पन्नासच्या आत आसनांची पंख्यांची विमाने घेऊन सेवा सुरू झाली, आणि सुरुवातीच्या मार्गांत बंगळूर ते हुबळी हा मार्ग होता. उत्तर कर्नाटकातील व्यापारी, वकील आणि विद्यार्थी यांना रात्रभराच्या रेल्वेला पर्याय मिळाला, ही त्या कंपनीची खरी कामगिरी आहे आणि तिचे श्रेय तिला निःसंकोचपणे दिले पाहिजे. पुढे मात्र एटीआरच्या जोडीला मोठी एअरबस विमाने आली, महानगरांमधील मार्ग आले, २००६ मध्ये समभाग विक्रीला आले, तोटा वाढत गेला, आणि २००७ मध्ये किंगफिशर विमानसेवेची मालकी असलेल्या युबी समूहाने २६ टक्के हिस्सा घेतला.

यानंतर जे झाले ते फारसे कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही. त्या काळी परदेशी उड्डाणांसाठी कंपनीला देशांतर्गत सेवेची पाच वर्षे पूर्ण करावी लागत आणि ताफ्यात वीस विमाने असावी लागत. किंगफिशरची पाच वर्षे भरायची होती, डेक्कनची २००८ च्या ऑगस्टमध्ये भरली. म्हणून किंगफिशरची विमानसेवा डेक्कन एव्हिएशनमध्ये विलीन करण्यात आली आणि त्या एकत्रित कंपनीचे नाव बदलून किंगफिशर एअरलाइन्स लिमिटेड असे ठेवण्यात आले. सप्टेंबर २००८ मध्ये बंगळूरहून लंडनला पहिले उड्डाण झाले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर हेलिकॉप्टर भाड्याने देण्यासाठी काढलेली छोटी कंपनीच ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडलेल्या त्या मोठ्या विमानसेवेची धनी झाली होती. हेलिकॉप्टरचा मूळ व्यवसाय विलीनीकरणाच्या वेळी वेगळा काढला गेला होता. तो डेक्कन चार्टर्स या नावाने पुढे चालू राहिला.

मूळ लहान धंदा टिकला आणि त्यातून फुटलेली मोठी फांदी मोडली, याचे कारण काय, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

टिळकवाडीचा वाचक

उत्तम मांडणी, साहेब. यात बंगळूरच्या एअर पेगाससची भर घालतो, कारण तिचा इतिहास छोटा असला तरी आपल्या प्रश्नाला नेमका लागू पडतो.

विमानतळावर सामान चढवणे-उतरवणे, विमानांना जमिनीवरील सेवा पुरवणे असा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीने ती काढली होती. १२ एप्रिल २०१५ रोजी तिचे पहिले उड्डाण बंगळूरहून हुबळीला झाले. विमाने एटीआर ७२ जातीची, भाड्याची, आणि मार्ग दक्षिणेतल्या मध्यम शहरांचे. जुलै २०१६ च्या अखेरीस सेवा थांबली. सुमारे सव्वा वर्षात बंद पडलेल्या या कंपनीच्या विमानांत प्रवासी नव्हते असे नाही. भाडे थकले, विमानमालकांनी विमाने परत मागितली, आणि ताफाच इतका लहान होता की विमाने निघून जाताच विकायला तिकिटे उरली नाहीत.

विजयवाड्याच्या एअर कोस्टाचेही असेच झाले. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये भाड्याच्या एम्ब्रेयर जेट विमानांवर सुरू झालेली ती सेवा २०१७ च्या फेब्रुवारीअखेर विमानमालकांशी झालेल्या वादातून थांबली. मोठ्या कंपनीचे एक विमान गेले तर दुसरे आणता येते. दोन-तीन विमानांच्या कंपनीचे एक जरी विमान जमिनीवर अडकून पडले तरी वेळापत्रक कोसळते, रद्द फेऱ्यांचे पैसे परत द्यावे लागतात, आणि ज्या महिन्यात उत्पन्न घटते त्याच महिन्यात भाड्याची पुढची तारीख येते.

देखभाल विभाग (निवृत्त), हिंडलगा

धागाकर्त्यांनी विनंती केली आहे म्हणून सविस्तर लिहितो. माझी नोकरी विमानांच्या देखभालीतच गेली आणि भाड्याचे विमान ताब्यात घेणे व परत करणे हे काम मी जवळून पाहिले आहे.

विमान भाड्याने घेण्याचे मुख्य दोन प्रकार आहेत. वेट लीजमध्ये विमानमालक विमान, वैमानिकांसह कर्मचारी, देखभाल आणि विमा हे चारही देतो. घेणाऱ्याने इंधन, विमानतळाचे शुल्क आणि तिकीटविक्री सांभाळायची. गळीत हंगामात चालकासह ट्रॅक्टर-ट्रॉली ठरवतात तसा हा व्यवहार असतो, आणि त्यातही महिन्याला किमान इतक्या तासांचे पैसे द्यावेच लागतील अशी अट असते. युरोपातील कित्येक छोट्या चार्टर कंपन्या उन्हाळ्यात सहलींचे प्रवासी नेतात आणि एरवी तीच विमाने कर्मचाऱ्यांसह दुसऱ्यांना देतात, त्यामुळे त्यांचे यंत्र वर्षभर कमावते. आपल्याकडे परदेशी विमान वेट लीजवर आणायला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परवानगी लागते आणि ती मर्यादित मुदतीची असते. इंडिगोने २०२३ मध्ये तुर्कस्तानहून बोइंग ७७७ विमाने कर्मचाऱ्यांसह आणली ती याच मार्गाने.

ड्राय लीजमध्ये फक्त विमान मिळते. त्याची नोंद भारतात होते, त्यावर व्हीटी ही भारतीय नोंदणीची अक्षरे येतात, आणि वैमानिक, देखभाल, विमा हे सर्व घेणाऱ्याच्या माथी असते. आपल्या छोट्या कंपन्यांची बहुतेक विमाने अशी होती. बाहेरचा माणूस समजतो की दरमहा भाडे भरले म्हणजे संपले. प्रत्यक्षात भाड्याच्या आधी काही महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत रक्कम द्यावी लागते. त्यानंतर भाड्याव्यतिरिक्त देखभाल निधी सुरू होतो. इंजिन जितके तास चालले, चाकांचा सांगाडा जितक्या वेळा जमिनीला टेकला, त्या प्रत्येक तासामागे आणि प्रत्येक फेरीमागे ठराविक रक्कम विमानमालकाकडे जमा करायची असते, म्हणजे पुढे मोठी दुरुस्ती आली तर पैसे तयार असतात. बेळगाव-बंगळूरसारख्या तासाभराच्या फेऱ्यांत हा भार विशेष जाणवतो, कारण तितक्याच तासांत लांब पल्ल्याच्या विमानापेक्षा कितीतरी अधिक वेळा उड्डाण आणि अवतरण होते. इंजिनातील फिरत्या चकत्यांचे आयुष्य तर फेऱ्यांतच मोजले जाते.

त्यात हे सारे डॉलरमध्ये द्यायचे असते आणि उत्पन्न रुपयांत येते. २०१३ च्या मे महिन्यात डॉलर ५४-५५ रुपयांच्या आसपास होता, त्याच वर्षी ऑगस्टअखेर तो ६८ च्या वर गेला. एकही प्रवासी कमी न होता, एकही फेरी रद्द न होता, चार महिन्यांत खर्चाचा हा मोठा भाग सुमारे पाव हिश्शाने वाढला. एवढी वाढ तिकिटावर टाकली तर हुबळी-बेळगावचा प्रवासी पुन्हा रात्रीच्या बसमध्ये बसतो.

सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे विमान परत करण्याच्या अटी. करार संपताना विमान ठरलेल्या स्थितीत द्यायचे असते, आणि त्या स्थितीत कागदही येतात. ठराविक आयुष्याचा जो जो भाग विमानात बसवलेला आहे त्याची तो कारखान्यातून निघाल्यापासूनची अखंड नोंद दाखवावी लागते. एखाद्या चकतीच्या नोंदीत मधली दोन वर्षे नसतील तर ती चकती कितीही उत्तम असली तरी तिची किंमत शून्य धरली जाते आणि नवीन बसवण्याचा खर्च भाडेकरूवर येतो. पैशांची चणचण असलेली छोटी कंपनी सर्वप्रथम कागद सांभाळणाऱ्या माणसांत काटकसर करते, एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावते, आणि मग परतीच्या वेळी हिशेब इतका फुगतो की अनामत रक्कम त्यात बुडून जाते. मी पाहिलेल्या वादांपैकी अनेक वाद भाड्यावरून सुरू झाले, पण चिघळले ते नोंदींवरून.

चार्टरचा मूळ धंदा का टिकतो, याचे उत्तर यातच आहे. तेथे उड्डाण कमी झाले तर देखभाल निधीही कमी जातो आणि ग्राहकाचा दर ठरवताना डॉलरचा भाव धरता येतो. नियमित सेवेतील तिकीट मात्र दोन-तीन महिने आधी विकलेले असते.

निपाणीकर

देखभाल विभागातील काकांनी लिहिलेले वाचून बरेच काही उलगडले. तरीही मला धागाकर्त्यांचे मूळ विधान पूर्णपणे पटत नाही. भाडेकरार महत्त्वाचा असेल, पण आपल्या भागात विमान येते की नाही हे सरकारी योजनेनेच ठरवले आहे, हे आपण डोळ्यांनी पाहिले.

सांबऱ्याचा, म्हणजे बेळगावचा, विमानतळ १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी बांधला. धावपट्टी १८३० मीटरवरून २३०० मीटर झाली, सप्टेंबर २०१७ मध्ये नवी इमारत उघडली, आणि काही महिन्यांतच, मे २०१८ मध्ये, येथील विमाने हुबळीला हलवली गेली. हुबळीचे नाव उडान योजनेच्या दुसऱ्या फेरीत होते, बेळगावचे नव्हते. योजनेत असलेल्या मार्गावर निम्म्या जागा साधारण तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार रुपये या मर्यादित दराने विकायच्या आणि त्यातली तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यायची, त्यात केंद्राचा वाटा ८० टक्के आणि राज्याचा २० टक्के. इंधनावरील राज्याचा कर एक टक्क्यावर येतो. ज्या विमानतळाला हे मिळते तेथे विमान जाणार, शेजारच्याला वगळणार, यात भाडेकराराचा संबंध कुठे आला? जानेवारी २०१९ मध्ये तिसऱ्या फेरीत बेळगावचे नाव आले आणि त्यानंतर अहमदाबाद, इंदूर, नाशिक, नागपूर, जोधपूर अशी नावे सांबऱ्याच्या फलकावर दिसू लागली.

शिवाय आपली भौगोलिक अडचण वेगळीच आहे. निपाणीहून कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ बेळगावपेक्षा जवळ आहे. बेळगावकरांना शंभर किलोमीटरच्या आत हुबळी, आणि घाट उतरला की गोव्याचे दोन विमानतळ आहेत, त्यातला मोपाचा तर जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. एवढ्या लहान टापूत प्रवासी चार ठिकाणी वाटले जातात. कोणत्याही कंपनीचा करार कितीही चांगला असला तरी हे गणित तिला सुटणार आहे का?

सीमावासी, बेळगाव (धागाकर्ता)

निपाणीकर, आपला मुद्दा वजनदार आहे आणि उडानमुळे बेळगावला मिळालेले बळ मी नाकारत नाही. तथापि एकाच योजनेचा लाभ घेतलेल्या कंपन्यांतून एक टिकते आणि दुसरी जाते, हे कसे समजावून सांगायचे? हैदराबादची ट्रूजेट २०१५ मध्ये एटीआर विमानांवर सुरू झाली, उडानमध्ये तिचे अनेक मार्ग होते, बेळगावलाही तिची विमाने येत असत, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत ती थांबली. योजना विमान आणते, हे खरे. ते तीन वर्षांनंतर, तूट भरून मिळणे बंद झाल्यावर, राहते की नाही हे कंपनीच्या स्वतःच्या बळावर ठरते, आणि त्या बळात करार येतो.

आता आपल्या अगदी शेजारच्या स्टार एअरकडे पाहू. जयसिंगपूरच्या घोडावत समूहाची ही सेवा २५ जानेवारी २०१९ रोजी सुरू झाली, आणि त्याआधी समूहाचा हवाई क्षेत्रातील अनुभव हेलिकॉप्टर सेवेचा होता. म्हणजे डेक्कनसारखीच चढण. फरक पुढे आहे. सुरुवात पन्नास आसनांच्या एम्ब्रेयर १४५ जेट विमानांवर झाली, ताफा हळूहळू वाढला, आणि चार वर्षे काढल्यानंतर, २०२३ मध्ये, नॉर्डिक एव्हिएशन कॅपिटल या विमानमालक कंपनीकडून भाड्याने घेतलेली एम्ब्रेयर १७५ विमाने आली. त्यांत ७६ आसने आहेत, १२ पुढच्या वर्गाची आणि ६४ सामान्य.

७६ हा आकडा मला फार बोलका वाटतो. आपल्याकडे ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना सरकारी विमानतळांवर उतरण्याचे शुल्क माफ होते, आणि ४० टनांपेक्षा कमी वजनाच्या विमानांच्या इंधनावरील विक्रीकरात मोठी सवलत कायद्याने दिलेली होती. या दोन्ही रेषांच्या आत बसणारे जेट विमान भारतात प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरले ते तमिळनाडूच्या पॅरामाउंट एअरवेजने. २००५ मध्ये तिने एम्ब्रेयर १७० आणि १७५ विमाने भाड्याने आणून चेन्नई, मदुराई, कोइमतूर असे मार्ग चालवले, सगळ्या जागा व्यावसायिक वर्गाच्या ठेवल्या, आणि तिचे गणित काही वर्षे उत्तम जमले. तरीही २०१० मध्ये विमानमालकांशी वाद झाला, विमाने गेली आणि कंपनी बंद पडली. तेच विमान, तीच करसवलत, आणि शेवट मात्र भाडेकराराने केला. ज्या कंपनीमागे दुसऱ्या उद्योगांचे उत्पन्न आहे आणि जी एकाच वेळी सगळा ताफा भाड्याच्या विमानांवर उभारत नाही, तिला वाईट वर्ष काढता येते, असा माझा निष्कर्ष आहे.

प्रवासी चार विमानतळांत वाटले जातात, हे आपले म्हणणे मात्र मला खोडता येत नाही. त्यामुळेच आपल्या टापूला १८० आसनांच्या विमानापेक्षा पन्नास ते ऐंशी आसनांचे विमान अधिक मानवते, आणि तसे विमान चालवणाऱ्या कंपन्या आपल्याकडे फारच थोड्या आहेत. एक गेली की तिची जागा घेणारी दुसरी लवकर सापडत नाही.

खानापूरची वकील

या चर्चेत कायद्याची बाजू राहून जात आहे, म्हणून थोडे लिहिते.

भाडे थकल्यावर विमान परत मिळवणे हे भारतात दीर्घकाळ अवघड होते. किंगफिशर बंद पडली तेव्हा विमानमालकांना आपली विमाने देशाबाहेर नेण्यासाठी विमानतळांची आणि करखात्याची थकबाकी, न्यायालयीन खटले, अशा अडथळ्यांतून जावे लागले. वास्तविक २००१ च्या केपटाउन कराराला भारताने २००८ मध्ये मान्यता दिली होती. या करारानुसार विमान घेणारी कंपनी सुरुवातीलाच एक अपरिवर्तनीय अधिकारपत्र लिहून देते, आणि भाडे थकल्यास त्या पत्राच्या आधारे विमानमालक थेट डीजीसीएकडे नोंदणी रद्द करण्याची मागणी करू शकतो. विमानांच्या नियमावलीत २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन अशा मागणीवर पाच कामकाजी दिवसांत निर्णय घेण्याची तरतूद आली. एअर पेगासस २०१६ मध्ये इतक्या झटपट रिकामी झाली, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

२०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट या विमानकंपनीने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि चित्र पुन्हा पालटले. दिवाळखोरी संहितेनुसार कंपनीच्या ताब्यातील मालमत्तेला संरक्षण मिळते, त्यामुळे तिची ५४ भाड्याची विमाने जागच्या जागी अडकली. केंद्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिसूचना काढून विमानांना त्या संरक्षणातून वगळले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी ती विमाने नोंदणीतून काढण्याचा आदेश दिला. पुढे २०२५ मध्ये केपटाउन करार देशाच्या कायद्यात आणणारा स्वतंत्र कायदाच संसदेने केला.

हे सारे दिल्लीतले वाटेल, पण याचा परिणाम सांबऱ्यावर होतो. विमान परत मिळण्याची खात्री नसेल तर परदेशी मालक भारतीय कंपनीकडून जास्त अनामत आणि जास्त भाडे मागतो. मोठी कंपनी शेकडो विमानांच्या मागणीच्या जोरावर घासाघीस करते. दोन विमाने मागणाऱ्या छोट्या कंपनीला सांगेल ती अट मान्य करावी लागते. गो फर्स्टच्या संरक्षणाची किंमत अशा रीतीने प्रादेशिक कंपन्यांनी मोजली, असे माझे स्पष्ट मत आहे. नवा कायदा विमानमालकाच्या बाजूचा आहे अशी टीका मी ऐकते. प्रवाशाने आगाऊ भरलेल्या तिकिटाच्या पैशांचे काय, हा त्या टीकेतील रास्त प्रश्न आहे. आमच्या घरी एका बंद पडलेल्या सेवेची तिकिटे होती आणि त्यांचे पैसे आजतागायत आलेले नाहीत. तरीही भाडे वाजवी व्हायचे असेल तर परतीची खात्री असणे भाग आहे.

अथणीकर

सर्वांचे आभार. आमच्याकडील ऊस आणि द्राक्ष उत्पादकांना दिल्ली-मुंबईच्या बैठकांसाठी विमान लागते, त्यामुळे हा विषय आम्हाला दूरचा नाही. एक व्यावहारिक शंका आहे. एखादी नवी कंपनी बेळगावहून सेवा सुरू करते असे वृत्तपत्रात आले, तर तिची विमाने स्वतःची आहेत की भाड्याची, आणि भाड्याची असतील तर कोणाची, हे सामान्य माणसाला तपासता येते का? तसेच हेलिकॉप्टर चार्टरचा परवाना असलेली कंपनी त्याच परवान्यावर नियमित तिकिटे विकू शकते का?

देखभाल विभाग (निवृत्त), हिंडलगा

दोन्हींची उत्तरे देतो. विमानाच्या मागील भागावर व्हीटी आणि त्यापुढे तीन अक्षरे लिहिलेली असतात. डीजीसीएची नागरी विमानांची नोंदवही आंतरजालावर पाहता येते, आणि तीत त्या अक्षरांपुढे विमानाचा प्रकार, बांधणीचे वर्ष, मालक आणि चालवणारी कंपनी यांची नोंद असते. मालकाच्या रकान्यात आयर्लंडमधील पत्ता दिसला तर विमान भाड्याचे आहे असे समजायला हरकत नाही, कारण जगातील विमानमालक कंपन्यांचा फार मोठा भाग तेथे आहे. अलीकडे गुजरातमधील गिफ्ट सिटीचे पत्तेही दिसू लागले आहेत. बांधणीचे वर्ष आवर्जून पाहावे. विमान जुने असेल तर भाडे कमी पडते, पण मोठी दुरुस्ती जवळ आलेली असते, आणि ती नेमकी कंपनीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात येऊन पडते.

परवान्याबाबत सांगायचे तर अनियमित वाहतुकीचा परवाना आणि नियमित सेवेचा परवाना हे वेगळे आहेत. चार्टरच्या परवान्यावर वेळापत्रक जाहीर करून रोजच्या फेऱ्या चालवता येत नाहीत. २०१६ च्या हवाई धोरणानंतर १०० किंवा त्याहून कमी आसनांच्या विमानांसाठी प्रादेशिक परवान्याची वेगळी वर्गवारी आली, आणि छोट्या कंपन्या बहुधा त्या दाराने आत येतात. त्यासाठी स्वतंत्र उड्डाण-संचालन प्रमाणपत्र, प्रशिक्षित वैमानिक, देखभालीची व्यवस्था आणि चाचणी उड्डाणे हे सर्व पूर्ण करावे लागते. या तयारीच्या काळात विमान बहुधा येऊन उभे असते आणि त्याचे भाडे सुरू झालेले असते. म्हणून वृत्तपत्रात घोषणा आली की मी प्रथम नोंदवहीत विमान आले आहे का आणि प्रमाणपत्र मिळाले आहे का हे पाहतो. विमान आधी आले आणि प्रमाणपत्राला सहा-आठ महिने लागले, तर पहिले तिकीट विकण्यापूर्वीच त्या कंपनीच्या भांडवलाचा बराचसा भाग खर्ची पडलेला असतो.